एकोणचाळीस दिव्यांची माळ

मी एक जुनी माळ आहे, मित्रांनो. फुलांची नव्हे, दिव्यांची. वर्षातले अकरा महिने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून असते, त्यामुळे स्वभाव जरा चिडका झालाय. तेवढं सांभाळून घ्या.

मला काकांनी घडवलं. काका खांबांवर चढणारे वायरमन. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी वायर कापली, चाळीस होल्डर जोडले. काकूंनी नखांच्या रंगाने बल्ब लाल केले आणि "अहो, माझी अख्खी बाटली संपवलीत!" म्हणून दोन दिवस ऐकवलं. माझ्यासारखीच दुसरी माळ केली, ती माझी बहीण. ती समोरच्या बेकरीवाल्याच्या दारावर गेली.

त्या वर्षी बेकरीवाल्याची आई अंथरुणाला खिळली होती. तिला बघायला येणारी नर्स दोन बस बदलून यायची आणि उरलेलं अंतर चालायची. काका म्हणाले, "हिला गाडी घेऊन देऊ." मग ठरलं, नाताळात गल्लीतली घरं उजळायची आणि बघायला येणाऱ्यांनी फाटकावरच्या डब्यात जमेल ते टाकायचं. तीन नाताळांनंतर खरंच गाडी आली. नर्सताई आजही तीच गाडी घेऊन घरोघरच्या रुग्णांकडे जातात. डबा आता पेट्रोलसाठी आणि दुरुस्तीसाठी असतो.

गल्लीचा एक नियम आहे. आधी आम्ही दोघी बहिणी समोरासमोर पेटणार, मगच बाकीची घरं. काय तो तोरा होता माझा! लोक लांबून बघायला यायचे. पुढे रंग बदलणाऱ्या, नाचणाऱ्या नव्या माळा आल्या. माझ्याकडे कुणी बघेना. काकूंच्या भाच्याने तर एकदा मला कोपराभोवती करकचून गुंडाळलं आणि डब्यात कोंबलं. माझं अंग अजून दुखतं.

गेल्या नाताळात काका स्वतःच अंथरुणाला खिळले. त्यांचा पलंग पुढच्या खोलीत, खिडकीशी आणला होता. नर्सताई रोज यायच्या. हा शेवटचा नाताळ, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, काकांनाही. त्यांनी एकच मागितलं, "दोघी पेटलेल्या बघायच्यात."

काकूंनी मला खिडकीत लावलं, बटण दाबलं. मी ढिम्म! मित्रांनो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यात एक बल्ब गेला की सगळेच बंद होतात. असा बल्ब नेहमी काका शोधायचे. काकूंनी डब्यातला एकुलता एक जादा बल्ब घेतला आणि पहिल्या जागेपासून चाळिसाव्यापर्यंत बदलून पाहिला. उजेड नाही. पुन्हा केलं. तरी नाही. बाहेर माणसं जमली होती आणि गल्ली अंधारात. काकू दारातून म्हणाल्या, "तुम्ही लावा हो आपापले दिवे!" कुणी जागचं हललं नाही.

"काकू, नवी माळ देऊ का?" बेकरीवाल्याने विचारलं.

"नको रे. त्यांच्या हातचीच लावायचीय," काकू म्हणाल्या.

पलंगावरून काका हळूच म्हणाले, "अगं, दोन गेले असतील. मग असं बदलून नाही सापडत. हिच्या बहिणीला घेऊन या."

बेकरीवाला माझ्या बहिणीला घेऊन धावतच आला. काकू प्लग काढायच्या, माझा एकेक बल्ब तिच्यात बसवायच्या, पुन्हा प्लग लावायच्या. सातव्या बल्बाला बहीण पेटलीच नाही. "सापडला एक चोर!" बेकरीवाला ओरडला. दुसरा एकतिसावा निघाला. पण जादा बल्ब तर एकच होता!

"ती जागा वगळ," काका म्हणाले. "दोन्ही वायरी पिळून जोड, वर टेप लाव. आधी प्लग काढ."

"काढलाय हो! इतकी वर्षं दुसरं काय ऐकलंय मी?" म्हणत काकूंनी जोड घातला. पहिल्यांदाच.

बहीण समोर गेली. बटणं दाबली. आम्ही दोघी एकदम पेटलो आणि पाठोपाठ सगळी गल्ली. काकांनी बोट हलवत मला मोजलं. "एकोणचाळीस," ते म्हणाले. "जोड झकास घातलास गं." काकू पदराआड रडल्या, मग हसल्या. आठवडाभराने काका गेले.

या वर्षी काकूंनी मला स्वतः काढलं, पुसलं, तपासलं. बेकरीवाल्याने रिकाम्या जागेसाठी होल्डर आणि बल्ब आणला होता. काकू म्हणाल्या, "राहू दे. तो जोड त्यांनी पास केलाय." आता गल्लीतली पोरं आपापल्या बंद माळा त्यांच्याकडेच आणतात.

तेव्हा मित्रांनो, आम्हाला कोपराभोवती आवळू नका, पुठ्ठ्यावर सैल गुंडाळा. आणि बंद पडलेली माळ कचऱ्यात टाकण्याआधी थोडं थांबा, एकेक बल्ब तपासा. त्या संध्याकाळी मी पूर्ण अंधारात होते, तेव्हाही माझ्यातले अडतीस दिवे अगदी धडधाकट होते.