एक्स्चेंजमधलं बिनकाट्यांचं घड्याळ

मी घड्याळ बोलतोय. भिंतीवर शोधू नका, मला काटेच नाहीत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कपाटाएवढ्या यंत्रांच्या रांगेत डब्याएवढा खोका दिसायचा ना, तो मी.

कारखान्यात माझ्या पोटात स्फटिकाची चकती बसवली आणि सेकंदाला लाखो ठोके द्यायला शिकवलं. त्या ठोक्यांवर इथली सगळी यंत्रं चालत. तुमचा आवाज आकड्यांचे तुकडे होऊन तारेतून जातो. देणारं यंत्र भरभर देऊ लागलं आणि घेणारं रमतगमत घेऊ लागलं, की एखादा तुकडा सांडलाच! बोलताना नुसतं 'टक्' होतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. फॅक्सच्या मात्र ओळीच्या ओळी गळतात. म्हणून मी शहरातल्या मोठ्या घड्याळाकडून वेळ घेई, आणि डोंगरावरच्या छोट्या एक्स्चेंजमधलं धाकटं घड्याळ माझ्याकडून.

माझी देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञ बाईंना सगळे ताई म्हणत. मला त्या 'गुलामा' म्हणत, आणि ते मला आवडे.

एकदा रस्ता खोदताना शहराची केबल तुटली. एक्स्चेंजच्या साहेबांनी घाईघाईत माझी वेळेची तार डोंगराच्या बाजूला जोडली. केबल दोन दिवसांत सांधली, तार मात्र तशीच राहिली. झालं! मी धाकट्याला विचारतोय, धाकटा मला. आमचं गूळपीठ असं जमलं, की दोघंही हातात हात घालून चुकलो. चूक झाली की लाल दिवा लावणं माझं काम. पण चुकतोय हेच मला कळेना.

एका दुपारी डोंगरावरच्या डॉक्टरांचा फोन आला. "ताई, शाळेच्या मास्तरांच्या छातीत कळ आलीय. हृदयाचा आलेख शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना तीनदा फॅक्स केला. तीनदा मधल्या ओळी गायब! उगाच हलवलं तर वाटेतच काही व्हायचं."

साहेब म्हणाले, "एकही लाल दिवा नाही. बिघाड त्यांच्या मशीनमध्ये असेल."

ताईंनी तारांचा नकाशा उलगडला आणि एकेका तारेवरून बोट फिरवलं. बोट फिरून फिरून माझ्यापाशीच आलं.

"अहो साहेब, हे दोघं एकमेकांनाच विचारत बसलेत! खरं सांगणार कोण?"

साहेबांचा चेहरा पडला. "माझ्याच हातची चूक," म्हणत त्यांनी स्वतः टॉर्च धरला. ताईंनी डोंगराची तार उपसून शहराची जोडली. मला ताळ्यावर यायला पंधरा मिनिटं लागली. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

चौथा आलेख अखंड गेला. शहरातून निरोप आला, "झटकाच आहे. औषध आत्ता द्या, मग गाडीत घाला."

मास्तर वाचले. दोन महिन्यांनी मला बघायला आले आणि जरा हिरमुसले. "एवढंसंच? मला वाटलं, निदान लंबक तरी असेल!" ताई डोळे पुसत हसल्या.

आता उपग्रहाकडून वेळ घेणारं नवं घड्याळ आलंय आणि मी कोठीतल्या फळीवर आहे. भंगारात दिलंत तरी तक्रार नाही. फक्त त्या नव्याला सांगा, दिवा लागला नाही म्हणजे सगळं आलबेल, असं समजू नकोस.

ठोके चुकू नयेत म्हणून माझा स्फटिक कायम गरम ठेवावा लागे. बावीस वर्षं तो कधी निवला नव्हता. शेवटच्या दिवशी ताईंनीच बटण बंद केलं.

"चला ताई, झालं," साहेब म्हणाले.

ताईंनी स्टूल ओढलं आणि माझ्या झाकणावर तळवा ठेवला. "तुम्ही व्हा पुढे. हा गार होईपर्यंत बसते मी."