दर्यात सोडलेली वायर

माझा धाकटा, कृणाल, काय करतो असं कोणी विचारलं की मी "कंप्युटरचं" म्हणायचे आणि विषय मोडायचे. खरं तर तो आवाज गोळा करायचा. रिफायनरीच्या भिंतीला माइक लावून बसायचा, बर्फ फोडायच्या मशीनपाशी उभा राहायचा, आणि ते सगळं घरी आणून आपल्या बटणांच्या खोक्यांवर ताणायचा, पिळायचा. त्यात ना शब्द, ना ठेका.

"हळदीला हे लावलंस तर वऱ्हाड पळून जाईल," मी त्याला तोंडावर सांगितलेलं.

"आये, ह्याच्यावर नाचायचं नसतं."

"मग काय करायचं?"

"नुसतं आत जायचं."

"कुठे आत?"

ह्यावर तो हेडफोन कानाला लावायचा, आणि मला वाटायचं, मी जिंकले.

घाटकोपरच्या बाजारात मी चाळीस वर्षं मासळी विकली. नवरा गेला तेव्हा दिपाली नववीत होती आणि हा सहावीत. दोघांना मी ह्याच तोंडाच्या जोरावर वाढवलं. माहुलच्या आमच्या गल्लीत माझ्यासमोर आवाज चढवायची कोणाची टाप नाही. तरी गेल्या साली कृणाल माझ्या पुतण्याच्या, नितेशच्या, होडीतनं तीन दिवस दर्यात गेला, पाण्यात वायर सोडून बसला, आणि शेजारच्या कुंदाला नळावर विषय मिळाला.

"मथुरे, तुझा पोर गळाला माइक लावतो म्हणे. काय लागलं?"

"लागलं तर पहिलं तुलाच देईन. तुला दुसरं कोण देतंय?"

तिचं तोंड बंद केलं. पण लागायचं ते मलाच लागलं. आणि राग तिचा आला नाही, पोराचा आला.

महिन्याभरानं तो म्हणाला, "रविवारी दुपारी अंधेरीला माझा कार्यक्रम आहे. तू यायचंस. तुझ्यासाठीच केलंय."

"काय केलंयस?"

"आधी नाही सांगणार. आधी ऐक."

मी हिरवं लुगडं नेसले, सोनं घातलं, दिपालीला घेऊन गेले. बघते तर कारखान्याचा जुना गाळा. खुर्च्या नाहीत, चटया. पन्नासेक पोरं-पोरी डोळे मिटून पडलेली, जशी काय बाजार उठल्यावर पाट्यांवर उरलेली मासळी. चार कोपऱ्यांत चार स्पीकर, मधे माझा पोरगा वायरींच्या गुंत्यात. मला एकटीला खुर्ची दिली, पुढे.

सुरू झालं. आधी नुसती घरघर. मग कुठून तरी खोल, "घुर्र... घुर्र..." मग गप्प. मग परत. पाच मिनटं झाली, दहा झाली. कोणी हलेना. माझ्या डोळ्यांपुढे कुंदा आली. एवढा शिकवला तो ह्यासाठी? कृणाल मान वर करून माझ्याकडेच बघत होता, नापास होणारा पोर गुरुजींकडे बघतो तसा. आणि माझं तोंड सुटलं.

"अरे बाबा, फ्रीज बिघडलाय. कोणीतरी प्लग काढा."

मला हळू बोलता येत नाही. सगळा गाळा हसला. झोपलेली उठून बसली. कृणालही हसला, दात दिसण्यापुरता. मग त्यानं आवाज हळूहळू बारीक केला, बंद केला, "थँक यू" म्हणाला. दिपाली रिक्षात घरापर्यंत तोंड फिरवून बसली. मी म्हटलं, "गंमत केली गो."

पंधरा दिवसांनी नितेश कोळंबी द्यायला आला. उंबऱ्यातच विचारलं, "काकी, ऐकलीस का काकाची घोळ?"

"कसली घोळ?"

"कृणालनं ऐकवली नाही? त्यासाठी तर तीन दिवस काढले. काका जिथं होडीच्या तळाला कान लावायचे, तिथंच गेलेलो. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी बोलली. एक नाही, दोन होत्या."

मी त्याला बसवून सगळं विचारून घेतलं.

आमच्यात बाई मासेमारीला होडीत चढत नाही. पुरुषानं पकडायचं, बाईनं विकायचं. माझा नवरा होडीच्या तळाला कान लावून घोळ मासळीचा थवा कुठे आहे ते ओळखायचा, हे सगळ्या कोळीवाड्याला माहीत होतं. घरी येऊन तो मला सांगायचा, "काय बोलते गो ती. तू ऐकायला पाहिजे." मी म्हणायचे, "माझ्या पाटीवर येते तेव्हा तर गप्प असते." घोळीच्या पोटातलं भोत, ती हवेची पिशवी, मी हजार वेळा कापून काढलं असेल. त्याचा भाव मला झोपेत विचारा. ती त्या भोतातनंच बोलते, हे मला त्या दिवशी नितेशनं सांगितलं.

जे ऐकायला मला नवऱ्यानं बोलावलं ते ऐकायची सोय नव्हती, म्हणून पोरानं ते अंधेरीला आणून माझ्यापुढे ठेवलं. आणि मी म्हटलं, प्लग काढा.

दिपालीनं त्या दिवशी ते फोनवर रेकॉर्ड करून घेतलं होतं. कानात ती बोंडं घालून मी आता दुपारी ऐकते. गाण्यात शब्द असले की कोणीतरी आपल्याला सांगतं, इथं रड, इथं हस. ह्यात कोणी काही सांगत नाही. पहिल्यांदा माणूस चाचपडतो, वैतागतो. मग घरघर घरघर राहत नाही, पाणी होतं, आणि आपण त्याच्या तळाशी. लांबून एक घोळ बोलते. वाट बघते. दुसरी बोलायला लागते, आणि तेवढ्यात माझा आवाज येतो, फ्रीज बिघडलाय. मग लोक हसतात. दर वेळी तिथंच.

गेल्या आठवड्यात मी कृणालला म्हटलं, "त्यातनं माझं बोलणं काढून दे."

"निघत नाही आये. तुझं वरनं बसलंय."

"मग तुझ्या मशीनमधलं दे. चांगलं."

तो बुटाची नाडी बांधत होता. "ते मी त्याच दिवशी पुसलं."

"परत जा ना दर्यात. नितेशला मी सांगते."

"नितेशला विचार, त्यानंतर एक तरी घोळ मिळाली का." पवईला एका कंपनीत तो मीटिंगचे माइक लावतो आता. खोकी त्यानं कोणा मित्राला देऊन टाकली. पगार चांगला आहे. कुंदाला मी आता हाक मारून सांगू शकते तो काय करतो ते, पण सांगत नाही.

"चुकले रे मी," मी म्हटलं. हे मी जन्मात कोणाला म्हटलेलं नाही, तेव्हा कसं म्हणतात ते जमलं नसावं. पापलेटचा भाव सांगावा तसं मोठ्यानं निघालं. पलीकडच्या खिडकीतनं कुंदानं डोकावलं.

कृणालनं दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, बॅग उचलली. "ऐकू आलं, आये," म्हणाला, आणि दार ओढून कामावर गेला.