पांढऱ्या ठिपक्याची खीर

"टोचलेल्या पेशी जिवंत हायेत का मेल्यात, हे तुम्हाला कसं कळतं हो डॉक्टर?"

विचारलं एकदाचं! माझ्या मैत्रिणी आरती आणि जयमालानं पैजच लावली होती, "रश्मे, तुझ्यात दम न्हाई." जामखेडच्या आमच्या शाळेत आरोग्य शिबिर होतं. स्टेजवर पुण्याचे डॉक्टर, पुढच्या रांगेत माझे वडील, अण्णा, आणि उभी मी.

डॉक्टर हसले. "फिल्म पाहिलीस ना? भावाच्या मांडीत पांढरं आलंय की."

माझ्या भावाच्या, पंकजच्या मांड्या दरवर्षी वाळत चालल्यात. म्हणून मार्चमध्ये याच डॉक्टरांनी अण्णांच्या मांडीच्या स्नायूचा छोटा तुकडा काढला, त्यातल्या पेशी वाढवल्या आणि साठ सुयांनी पंकजच्या एका मांडीत टोचल्या. नंतर शिरेतून औषध देऊन एमआरआय काढला. फिल्मवर पांढरा ठिपका! "पेशी जगल्या," म्हणत अण्णांनी त्याच आठवड्यात विहारात खीरदान केलं. अख्ख्या वस्तीनं खीर खाल्ली. मी तर दोन वाट्या.

"पांढरं म्हणजे जिवंतच का?" मी विचारलं.

"औषध साचलं की तिथं पांढरं दिसतं."

"नुसती सूज असली तर?"

"तरी साचतं."

"आणि पेशी मेल्या असल्या तर?"

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "तरीही साचू शकतं."

"मग जिवंत पेशी भेटली तरच उजळेल असं औषध द्या ना!"

"ते परदेशात अजून प्रयोगशाळेतच आहे, बाळ. बस खाली. मोठ्यांवर विश्वास ठेवायला शिक."

विश्वास! गेल्या वर्षी शाळेमागं दोनशे रोपं लावली, फोटो काढले, टाळ्या झाल्या. आज सात उभी आहेत. पण ती निदान जाऊन बघता तरी येतात. पंकजच्या मांडीत कोण जाऊन बघणार? माझं डोकं असं तापलं की आरतीनं खाली ओढलं तरी मी बसले नाही.

घरी येताच अण्णा कडाडले. "वकिलावानी डॉक्टरची उलटतपासनी घेतीस व्हय?"

"पण हे त्यांनी आपल्याला आधी सांगितलं हुतं का?"

"कागदावर आसंल."

"कागद इंग्रजीत हाय. तुम्ही न वाचताच सही केली!"

आईचा भाकरी थापणारा हात थांबला. "सोमवारी दुसऱ्या मांडीला टोचायचंय, बाई. आता शंका नको काढू. आशा तरी ऱ्हाऊ दे."

"आशा तुमची, सुया त्याच्या!"

पंकज भिंतीला टेकून बसला होता. "ताई, मला कुनी इचारलंच न्हाई," तो म्हणाला. "लई दुखतंय गं."

मी दप्तर खाली आपटलं.

"ऐका दोघं. सोमवारी शाळा गेली खड्ड्यात, मी पुण्याला येणार. डिक्शनरी घेऊन तो कागद मी वाचणार, ओळ न् ओळ. पेशी जगल्यात का हे सांगता येत नसंल, तर डॉक्टरांकडून तसं मराठीत लिहून घेणार. मग पंक्या हो म्हणला, तरच अण्णा, तुम्ही सही करायची. तोवर त्याच्या मांडीला मी कुणाला हात लावू देणार न्हाई."