दोनदा मिळवलेली चाळीस मिनिटं

चौदा, नऊ आणि चार वर्षांची मुलं एकाच वेळी खूश राहतील अशी जागा मला एकच माहीत आहे: ओहोटीत उघडा पडणारा कातळ. दादाला तिथे कुणाशी बोलावं लागत नाही. तो कानात गाणी लावून, कॅमेरा घेऊन खेकड्यांच्या मागे फिरतो. मधल्या वकीलबाईला मोजायला आणि वाद घालायला भरपूर सापडतं. धाकट्या बटाटूला लाल बादली भरायची असते. भरली की तो ती रिकामी करतो आणि पुन्हा भरायला घेतो. तिघं माझ्या थोरल्या भावाची मुलं. मी त्यांची आत्या.

कातळ आणि किनारा यांच्यामध्ये वीसेक पावलांचा एक चर आहे. ओहोटी पूर्ण झाली की त्यात घोटाभर पाणी उरतं. त्याआधी तासभर आणि त्यानंतर दीड तासापर्यंत तो मुलांना घेऊन ओलांडता येतो, मग नाही. म्हणून वेळ माहीत असणं हेच सगळ्यात महत्त्वाचं, आणि वेळ सांगणं हीच तर माझी नोकरी. बावीस वर्षं मी बंदराच्या कचेरीत भरती-ओहोटीची वेळापत्रकं करते.

वहिनी पाण्याला घाबरतात. लग्नाला सोळा वर्षं झाली, समुद्र घरापासून अर्ध्या तासावर, पण घोट्याच्या वर पाणी त्यांनी कधी येऊ दिलेलं नाही. त्यांच्या शिवणकामाच्या दुकानात येणाऱ्या बायका विचारायच्या, मुलांना पाठवता कशा? त्यावर वहिनींचं उत्तर ठरलेलं होतं: आमच्या नणंदबाईंचं पाण्याचं गणित चुकत नाही. हे मला कळल्यावर मी दोन दिवस उगाचच ताठ चालत होते.

त्या रविवारी भाऊ कामावर होता. सकाळी वहिनींच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या बाटल्या भरता भरता मी फ्रिजवरच्या कागदावर वेळ पाहिली. कागद माझ्याच हातचा, वर्षाच्या सुरुवातीला लावून दिलेला. ओहोटी दहा वीसला. आमच्या कचेरीच्या वेळा बंदराच्या तोंडाच्या असतात, आणि खाडीच्या आतल्या या किनाऱ्यावर ओहोटी चाळीस मिनिटं उशिरा येते. मी चाळीस मिळवले. अकरा. म्हणजे साडेबारापर्यंत चर मोकळा. सावधगिरी म्हणून सव्वाबाराला परतायचं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

दहा वाजता आम्ही चर ओलांडला. वहिनी किनाऱ्यावरच वाळूत चटई टाकून बसल्या.

वकीलबाईला मी काम दिलं. लाल मेणखडूने दर दहा मिनिटांनी पाण्याच्या कडेला एक रेघ ओढायची. अकरापर्यंत प्रत्येक रेघ आधीच्या रेघेच्या खाली येत जाईल, मग वर चढू लागेल. तिने बापाचं जुनं घड्याळ मनगटावर दोरीने बांधलं होतं. दहा चाळीसला पहिली रेघ ओढून तिने विचारलं, की पाण्याने ऐकलं नाही तर? मी म्हटलं, ऐकतं.

अकराला दहा कमी असताना ती सांगत आली, की नवी रेघ वर आली आहे. मी बटाटूला शंखातला प्राणी दाखवत होते. लाट जरा मोठी आली असेल, पुन्हा बघ, म्हटलं. सव्वाअकराच्या सुमारास ती पुन्हा आली. तीन रेघा पाण्याखाली होत्या. मी तिला सांगितलं, की एखाद्या मोजणीवर विश्वास ठेवायचा नसतो, पुष्कळ मोजण्या घेऊन सरासरी काढायची असते. हे सांगताना माझा आवाज अगदी शिकवण्याचा होता. तो आठवला की अजून कान गरम होतात.

अकरा चाळीसला ती तिसऱ्यांदा आली. या वेळी ती वाद घालत नव्हती.

"आत्या, सात रेघा झाल्या. सहा बुडाल्यात. एका लाटेत सहा?"

मी उठून गेले. स्वच्छ पाण्याखाली सहा लाल रेघा दिसत होत्या. पहिली सगळ्यात खाली होती, आणि प्रत्येक पुढची तिच्या वर. अंतर वाढत गेलेलं. पाणी अकराला वळलंच नव्हतं. ते पहिल्या रेघेच्याही आधी वळलं होतं. मग मला फ्रिजवरचा कागद डोळ्यांसमोर दिसला. खालच्या कोपऱ्यात, माझ्याच अक्षरात लिहिलेलं: चाळीस मिनिटं धरून. वहिनींना बेरीज करावी लागू नये म्हणून मी ती आधीच करून ठेवली होती, आणि अंधारात हात दिव्याच्या बटणाकडे जावा तशी आज पुन्हा केली होती.

खरी ओहोटी दहा वीसलाच होती. चर अकरा पन्नासपर्यंत. हातात दहा मिनिटं.

दादा कातळाच्या दुसऱ्या टोकाला होता, पाठमोरा. मी दोन हाका मारल्या, पण वारा समोरून होता आणि त्याच्या कानात गाणी. दोघांना सोडून त्याच्याकडे जाता येत नव्हतं. दोघांना घेऊन शेवाळावरून जाऊन यायला दहा मिनिटांहून जास्त लागली असती. मी खाऊच्या डब्याचं स्टीलचं झाकण काढलं आणि उन्हात धरलं. उजेडाचा ठिपका खडकांवरून सरकवत त्याच्या कॅमेऱ्यासमोर नेला आणि तिथेच हलवत राहिले. तो वैतागून वळला. मी दुसऱ्या हाताने किनाऱ्याकडे बोट दाखवलं. वैताग तसाच ठेवून का होईना, तो निघाला.

तो पोचल्यावर मी एवढंच सांगितलं, की माझी वेळ चुकली आहे आणि आपण आत्ता निघायचं. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कानातलं काढून खिशात टाकलं. काही न विचारता बटाटूला खांद्यावर घेतलं. बटाटूला बादली हवी होती. ती खालच्या कपारीत राहिली होती. मी नाही म्हटलं. त्याने भोकाड पसरलं, आणि त्या आवाजाने मला उलट बरं वाटलं, कारण रडणारं मूल नेमकं कुठे आहे ते कळत राहतं.

चरात पाणी गुडघ्याला लागलं. वकीलबाईच्या मांड्यांपर्यंत. ओढ होती, पण पाय टिकत होते. मी तिचं मनगट घड्याळासकट धरलं होतं. मधोमध पोचलो तेव्हा समोर कुणीतरी पाण्यात उभं दिसलं. वहिनी होत्या. कपडे गुडघ्याच्या वरपर्यंत भिजलेले, एक हात पुढे केलेला. त्यांनी आधी वकीलबाईला ओढून घेतलं, मग दादाचा दंड धरला, आणि वाळू लागेपर्यंत सोडला नाही.

आम्ही वाळूत बसलो. बटाटू अजून बादलीचं नाव घेत होता. मग मी वहिनींना सगळं सांगितलं. कागद, कोपरा, दोनदा केलेली बेरीज, आणि वकीलबाईने तीनदा सांगितलेलं. सांगताना मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही. यापुढे त्या मुलांना माझ्याबरोबर पाठवणार नाहीत, हे मी धरूनच चालले होते.

वहिनी कपडे पिळत होत्या. म्हणाल्या, "पाणी वाढतंय ते मला केव्हाच दिसलं होतं. अर्धा तास उभी होते मी. पण तुझं गणित चुकत नाही ना, म्हणून गप्प बसले."

मी तेव्हा कुठे त्यांच्याकडे पाहिलं.

"पुढच्या वेळी मी गप्प बसायची नाही," त्या म्हणाल्या. "दिसलं की हाक मारणार. मग तू रागाव."

पुढच्या वेळी, असं त्या म्हणाल्या होत्या. मी तो शब्द मनात पुन्हा एकदा ऐकला आणि मग कुठे माझे खांदे खाली आले.

वकीलबाईने विचारलं, की तिचं बरोबर होतं ना? मी म्हटलं, पहिल्यापासून. तिने ते लिहून मागितलं. कागद नव्हता, म्हणून मी मेणखडूने डब्याच्या झाकणावर लिहून दिलं, खाली सही केली. दादाने त्याचा फोटो काढला आणि हे आता घरी दहा वर्षं ऐकावं लागेल, असं पुटपुटला. सगळ्यांना भूक लागल्याचं एकदम लक्षात आलं.

सव्वाबाराला, म्हणजे मी ठरवलेल्या वेळेला, चर कुठे होता ते ओळखू येत नव्हतं. तिथून पाणी वेगाने आत शिरत होतं, आणि त्या पाण्यावर एक लाल ठिपका गोल फिरत चालला होता.

"माझी बादली पोहतेय," बटाटू म्हणाला.

आम्ही मोठी माणसं ती पाहत राहिलो. दादाचा घास हातातच राहिला. थोड्या वेळाने प्रवाहाने तिला कडेला, उथळ पाण्यात आणून सोडलं. मी उठणार होते, पण वहिनी आधीच उठल्या होत्या. दोन पावलं पाण्यात जाऊन, मागे वळून त्यांनी मला विचारलं, "इथवर चालेल?"

मी घड्याळ पाहिलं नाही. पाणी पाहिलं, आणि म्हटलं, चालेल.