एका चुलीची माणसं

बेरोजगारी मोजायला बाई येणार, हे कळल्यापासून धुरपताचा पाय घरात ठरत नव्हता. पुलगावजवळच्या त्या वस्तीत बेकार पोरांना काय तोटा! पण आपल्या अंकितचं नाव एकदा सरकारदरबारी चढलं, की जवळपास काम निघेल आणि पोरगा घरी येईल, अशी तिनं मनाशी गाठच मारली होती. आयटीआय केलेला तिचा एकुलता एक पोळ्यानंतर काम शोधायला पुण्याला गेला, तो गेलाच. आता होळीही होऊन गेली होती.

सर्वेक्षणाची सरिता आली, टॅब उघडून बसली. एका चुलीवर जेवणारी माणसं किती, असं तिनं विचारलं. धुरपतानं बेधडक सांगितलं, दोन. तिच्या लेखी ते खोटं नव्हतंच. अंकितची भाकर ती रोज तव्यावर टाकायची, ताटात झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच शिळी कुस्करून खायची.

मग कामाचं निघालं. धुरपतानं आठवड्यात एकच दिवस कुणाच्या वावरात हरभरा सोंगला होता. तेवढं पुरे, तासभर मजुरी केली तरी माणूस कामावर धरतात, असं सरिता म्हणाली. सरकारचं मन मोठं, धुरपताला हसू आलं.

अंकितची पाळी आली. तो पुण्यात काम शोधतोय म्हटल्यावर सरिताचं बोट थांबलं. सहा महिन्यांवर बाहेर असलेला माणूस या घरात धरता येत नाही, जिथे राहतो तिथे मोजतात, असं तिनं समजावलं. मग हळूच विचारलं, "मधात येऊन राह्यला होता का, मावशी?"

एक हो म्हटलं असतं तर भागलं असतं. दिवाळीचा डबा धुरपताला आठवला, न उघडलेला.

"येणार होता," ती म्हणाली.

सरितानं अंकितचं नाव यादीतून काढून टाकलं. या मोजणीनं कुणा एकाला काम मिळत नसतं, हेही तिनं सांगून टाकलं. धुरपताला पोराची फार आठवण आली. जेवणवेळ झाली होती. तिनं झाकलेलं ताट ओढून सरितासमोर ठेवलं.

"तुमचं ताट आहे, मावशी."

"माह्यं नाई, त्याचं आहे. जेव पोरी. एक दिवस तरी कोणी ताजी खाऊ दे."