गाल बसत नाही

"गाल बसत नाही," चष्मेवाले म्हणाले आणि हातातली रायफल परत टेबलावर ठेवली.

मी कपाळाला हात लावला. कित्येक शनिवार हेच चाललं होतं. बंदुकांचं हे दुकान सासऱ्यांनी काढलं, नवऱ्यानं चालवलं आणि तो गेल्यावर माझ्या गळ्यात पडलं. गल्ल्यावर बाई बघून गिऱ्हाईक चपापतं आणि "मालक कुठे आहेत?" विचारतं. चष्मेवाल्यांनी हे कधी विचारलं नाही, म्हणून मी त्यांचं सगळं ऐकून घेत होते. आमच्याच रस्त्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान. नेमबाजीच्या क्लबात ते पन्नास मीटरवर क्लबच्याच जुन्या रायफलीनं मारत आले होते. आता त्यांना स्वतःची हवी होती, हजार मीटरवर मारायला.

"बायको निवडतानासुद्धा एवढा चोखंदळपणा केला नव्हता यांनी," त्यांच्या बायकोनं खुर्चीतून टोला हाणला. वहिनी दर खेपेला सोबत यायच्या आणि विणकाम करत बसायच्या.

"तेव्हा दुर्बीण नव्हती गं," चष्मेवाले म्हणाले.

माणूस हसरा, पण चौकशा अशा, की डोकं पिकावं. तीनशे आठ बोअरची घेतली तर? मी म्हणायचे, उत्तम, काडतुसं कुठेही मिळतात, नळी वर्षानुवर्षं टिकते, पण एवढ्या लांबवर गोळीला वारा फार ढकलतो. मॅग्नम, म्हणजे जादा दारूच्या काडतुसाची? पोचते झोकात, पण पन्नास काडतुसांनंतर खांद्याला शेक घ्यावा लागेल. मग साडेसहा मिलिमीटर? गोळी सडपातळ, वाऱ्याला कमी दाद देणारी, धक्काही सोसवेल. मात्र नळी लवकर झिजते. ते मान डोलवायचे, रायफल खांद्याला लावायचे आणि म्हणायचे, गाल बसत नाही. गाल टेकायच्या दस्त्याची उंची मी वाढवली, कमी केली. लाकडी दस्ता दिला, धातूचा दिला. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि मला ते कळल्याशिवाय चैन पडणार नव्हती.

"एवढ्या लांब मारायचं खूळ आलं कुठून?" मी त्या दिवशी विचारलंच.

"पन्नास मीटरवर चाप ओढला की लगेच भोक पडलेलं असतं. हजारावर गोळी सुटल्यानंतर आख्खा एक श्वास घेता येतो. तेवढ्या वेळात आपण काहीसुद्धा करू शकत नाही. नुसतं बघायचं." त्यांनी रायफलीवरून हात फिरवला. "मला ते एकदा बघायचंय, मालकीणबाई."

मी साडेसहाची रायफल उघडली, आत काडतूस नाही हे दोघांनी पाहिलं आणि ती वाळूच्या पिशवीवर ठेवली. समोरच्या भिंतीवर नेम धरायला रंगाचा ठिपका होता. एरवी मी गिऱ्हाइकाच्या पाठीमागे उभी असते. आज दस्त्याचा स्क्रू फिरवायला त्यांच्या डाव्या अंगाला गेले, आणि घोडं कुठे पेंड खातंय ते दिसलं.

दस्ता उजव्या खांद्याला होता, पण गाल लाकडावर नव्हताच. मान वाकडी करून, हनुवटी लाकडावरून पलीकडे नेऊन ते दुर्बिणीला डावा डोळा लावत होते. असा गाल जगातल्या कुठल्याही दस्त्यावर बसला नसता.

"चष्मेवाले," मी हळूच म्हटलं, "उजव्यानं बघा की."

त्यांनी दुर्बिणीवरून डोळा काढला. मग सरळ बसले आणि उगाच स्वतःचा चष्मा पुसायला लागले.

"उजव्यानं ठिपका दिसत नाही. भिंत दिसते, भिंतीच्या कडा दिसतात. मधोमध नुसता धूर."

"मोतीबिंदू?"

"मोतीबिंदू असता तर काढून मोकळा झालो असतो. आतला पडदा गेलाय. त्याला इलाज नाही."

वहिनींच्या सुया थांबल्या. "कधीपासून?"

"झालं वर्ष."

"आणि मला सांगायचं नाही? रस्ताभर लोकांचे डोळे तपासत हिंडता, आणि घरात हा अंधार?" त्यांचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. "म्हणून परवा जिन्यात पडता पडता वाचलात! मी आपली चपलांना दोष देतेय."

"तू मला बंदुकीला हात लावू दिला नसतास."

"नसताच!"

"डावा शाबूत आहे अजून. पण त्याचाही काय नेम?" चष्मेवाले म्हणाले. "तो आहे तोवर, म्हटलं."

मला आधी त्यांचा राग आला, मग भयंकर वाईट वाटलं, आणि मग दुकानदार जागी झाली.

"एवढे शनिवार माझं डोकं खाल्लंत. पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर डावखुरी रायफल एव्हाना येऊन पडली असती," मी म्हटलं. "आणि मॅग्नम विसरा. डावा खांदा कोरा आहे तुमचा, मॅग्नमच्या धक्क्याला तो दचकायला शिकेल. साडेसहाच. आता हीच डाव्या खांद्याला लावून बघा. काडतूस भरायचा बोल्ट पलीकडे जाईल, जाऊ दे."

त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी भिंतीकडे बघत होत्या. हो म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

चष्मेवाल्यांनी दस्ता डाव्या खांद्याला टेकवला. सगळंच उलटं. हात कुठे ठेवायचे ते त्यांना सुचेना, कोपर दोनदा घसरलं. मग गाल हळूहळू लाकडावर उतरला आणि बसला.

"मधला धूर आडवा येतोय," ते पुटपुटले.

"उजवा डोळा मिटा."

त्यांनी डावा मिटला. पुन्हा प्रयत्न केला, दोन्ही मिटले. सगळं आयुष्य डावाच मिटायची सवय. उजवा एकटा कसा मिटायचा ते त्यांना येतच नव्हतं. चेहऱ्याच्या अशा काही सुरकुत्या झाल्या, की मला हसू फुटलं आणि त्यांनाही. हसता हसता त्यांनी मान खाली घातली.

वहिनी उठल्या. विणकाम खुर्चीवर ठेवून त्या त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि आपला तळहात त्यांच्या उजव्या डोळ्यावर धरला.

"हं. आता?"

"दिसतोय."

"मग घाई करू नका."

त्यांनी श्वास घेतला, अर्धा सोडला आणि चाप ओढला. रिकाम्या रायफलीची बारीकशी टक् झाली. वहिनींनी हात काढला नाही.