मागच्या खोलीतली खालची टाकी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे आणि स्वभावाने पक्की भित्री आहे. ज्या काचवाल्याने मला बनवले, त्याने माझ्या पाचही काचा चिकटवल्या, आठवडाभर मला कोपऱ्यात वाळत ठेवले, मग काठोकाठ पाणी भरले आणि स्वतः चार पावले मागे जाऊन उभा राहिला. घडवणाराच मागे सरकतो म्हटल्यावर माझा धीर कसा टिकावा? मी गळले नाही, हे खरे. पण तेव्हा बसलेली धास्ती आजतागायत गेलेली नाही.

माझी उमेदीची वर्षे एका दातांच्या दवाखान्यात गेली. बाहेरच्या खोलीत, खुर्च्यांच्या रांगेसमोर मला ठेवले होते. माझ्यात सहा तांबडे मासे होते. आतून यंत्राची घरघर ऐकू आली की गाल धरून बसलेली मोठमोठी माणसे माझ्या माशांकडे टक लावून बघत. "ही टाकी आहे म्हणून इथे बसवतं तरी," असे एक आजोबा दर खेपेला म्हणायचे. मला फार बरे वाटायचे. पण रोज इतक्या घाबरलेल्या लोकांसमोर राहिल्यावर माझी भीती कमी होणार कशी? उलट त्यांची थोडी थोडी माझ्यात मुरली.

पुढे डॉक्टरबाई थकल्या. दवाखाना बंद झाला. मासे कोणीतरी नेले आणि मी त्यांच्या घरी माळ्यावर पालथी पडले. तीन वर्षे माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. एका कोळ्याने माझ्यात संसार थाटला, तेवढीच सोबत.

मग एके दिवशी घरात गलका झाला. डॉक्टरबाईंनी हॉलमध्ये समुद्र आणायचे ठरवले होते! सहा माणसांनी मिळून एक अवाढव्य टाकी आणली. माझ्यासारख्या चार तिच्या पोटात मावल्या असत्या. तिच्यात खारे पाणी आणि जिवंत प्रवाळ राहणार होते. प्रवाळ म्हणजे दगडासारखे दिसणारे, पण फुलांसारखे उमलणारे समुद्रातले जीव. फार नाजूक. त्यांचे पाणी सतत गाळावे लागते, खेळवावे लागते, एकाच उबेत ठेवावे लागते. त्यासाठी लागणारी सगळी यंत्रे भिंतीमागच्या खोलीत बसवायची होती. पूर्वी तिथे इस्त्रीचे कपडे ठेवत.

"खालची टाकी नवी कशाला घेता?" प्लंबर म्हणाला. माळ्यावरून त्यानेच मला उतरवले होते. "हिची काच बघा. अशी जाड काच आता कोण घालतंय?"

म्हातारपणी कोणी असे म्हटले तर कोणाला आवडणार नाही? पण माझे काम कळले आणि माझी पाचावर धारण बसली. वरच्या टाकीतले पाणी एका पाइपाने माझ्यात पडणार, इथे गाळले जाणार आणि पंप ते दुसऱ्या पाइपाने पुन्हा वर चढवणार. म्हणजे वर तो समुद्र आणि खाली मी एकटी.

खोली लावायला पंधरा दिवस लागले. डॉक्टरबाईंचा टापटिपीचा सोस मोठा. भिंतीला पांढऱ्या फरशा लावल्या. मिठाचे पाणी कालवायला निळे पिंप आले. फेस काढणारे उंच नळकांडे माझ्या कुशीत उभे राहिले. प्रत्येक पाइपाला चिठ्ठी, प्रत्येक चिमट्याला खुंटी, नळ्या एका ट्रेमध्ये ओळीने. दवाखानाच पुन्हा थाटला म्हणा ना! दारात नियमाची पाटी लागली: चपला बाहेर काढाव्यात.

"इथे रबरी चपला घालूनच या," वायरमन म्हणाला. "खारं पाणी आणि वीज, खेळ नाही."

"माझ्या फरशीवर चपला? अजिबात नाही."

वायरमन पुन्हा वायरी जोडू लागला. त्याचेही चुकलेच होते. गळती होताच वीज तोडणारा स्विच बाजारात मिळाला नाही, म्हणून त्याने एक लांब वायरीचा बोर्ड जमिनीवरच ठेवला. "तात्पुरता आहे. पुढच्या आठवड्यात भिंतीवर घेतो." माझ्यापासून तो हातभर अंतरावर होता. माझ्यातून पाणी सांडले तर ते आधी तिथेच जाणार, हे मला पहिल्याच दिवशी दिसले.

आणि त्या खोलीत रोज कोण येई, ठाऊक आहे? डॉक्टरबाईंची सात वर्षांची नात. नाव काहीही असो, सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. शाळेतून आली की बूट-मोजे काढून अनवाणी थेट माझ्यापाशी. माझ्यात दोन शंखातले खेकडे होते, त्यांना दिवसभराच्या गोष्टी सांगायची.

प्लंबरने शेवटच्या दिवशी वर जाणाऱ्या पाइपाच्या टोकाला, अगदी पाण्याच्या पातळीशी, एक बारीकसे भोक पाडले. "डॉक्टरबाई, हे भोक बुजू द्यायचं नाही बरं का. वीज गेली की पंप थांबतो आणि वरचं पाणी याच पाइपातून उलटं खाली यायला लागतं. पातळी बोटभर उतरली की या भोकातून हवा शिरते आणि पाणी तिथेच अडतं. नाही शिरली, तर वीतभर पाणी खाली येईल. ही टाकी तेवढं घेऊ शकत नाही."

"हो, हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या माझ्या काचेवरचे बोटांचे ठसे पुसत होत्या. भिंगरी मात्र आ वासून ऐकत होती.

प्लंबरने वीज बंद करून दाखवली. पाणी माझ्यात चढू लागले. मी जीव मुठीत धरला. काठाला चार बोटे उरली आणि भोकाने सुर्रकन हवा ओढली. पाणी थांबले. मला रडूच आले असते.

पण ते भोक जरा थुंकायचे. फुर्र फुर्र असा आवाज यायचा आणि हॉलमधल्या चकचकीत काचेवर मिठाचे ठिपके पडायचे. डॉक्टरबाईंनी महिनाभर ठिपके पुसले. मग एका सकाळी त्यांनी पाइपाचे ते टोक फिरवून काढले आणि माझ्यासमोरच्या टेबलावर आणून ठेवले. चष्मा लावला, दिवा ओढला, भोक कोरडे केले. तीस वर्षे ज्या बाईने भोक दिसले की भरले, तिचा हात काय थांबणार? दातांत भरायचा मसाला त्यांनी सुबकपणे आत दाबला आणि निळ्या उजेडाची बत्ती त्यावर धरली.

"आजी," सुट्टी म्हणून घरी असलेली भिंगरी म्हणाली, "प्लंबरकाका म्हणाले होते ना, की ते भोक..."

"मध्ये बोलू नकोस. हात हलतो."

भिंगरी माझ्यातल्या खेकड्यांकडे वळली. टोक पुन्हा बसले. फुर्र फुर्र थांबले. "आता कसं शांत वाटतं!" डॉक्टरबाई म्हणाल्या. मित्रांनो, त्या शांततेने माझी झोप उडवली. आता वीज गेली की पाणी अडणार नव्हते. मी भरणार, सांडणार आणि पाणी त्या बोर्डावर जाणार. दिवा जरा लुकलुकला तरी मला वाटायचे, आलीच वेळ. भिंगरी अनवाणी येऊन उभी राहिली की मी तिचे पाय बघत बसायची. ती बाहेर गेली की मोकळा श्वास घ्यायची. असे एकोणीस दिवस गेले.

विसाव्या दिवशी दुपारी वीज गेली.

पंपाची घरघर थांबली आणि पाणी उलटे वाहू लागले. काठाला चार बोटे उरली, पाणी थांबले नाही. दोन बोटे. एक. मग ते माझ्या चारही बाजूंनी खाली ओघळले. उंबऱ्याने ते खोलीतच अडवले. बोर्ड बुडाला. वीज नव्हती, म्हणून तो मुका होता. पण वीज काय, कधीही येते. माझ्यातला एक खेकडाही पाण्याबरोबर बाहेर गेला.

हॉलमध्ये डॉक्टरबाई किंचाळल्या. वरची पातळी वीतभर उतरली होती आणि उंच प्रवाळ उघडे पडले होते. "अगं बाई! सुकतील सगळे! भिंगरे, मागच्या खोलीतून बादली आण, पळ!"

भिंगरी नुकतीच शाळेतून आली होती. धावत आली, दारात थांबली, पाटीप्रमाणे बूट काढले, मोजे काढले आणि पाण्यात उतरली. "आजी, इथे तळं झालंय!"

मी काय करू? मला ओरडता येत नाही, हलता येत नाही. माझ्यातले पाणी तिच्या पायांना लागले होते आणि तेच पाणी त्या बोर्डात होते. तिने बादली उचलली. निघाली. आणि तेवढ्यात तिला खेकडा दिसला. ती वाकली. बोर्ड तिच्या बोटांपासून वीतभरावर होता.

"अगं, किती वेळ?" म्हणत डॉक्टरबाई दारात आल्या. त्यांनी पाणी पाहिले. पाण्यात शिरलेली वायर पाहिली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"भिंगरी. बादली टाक. बाहेर ये."

"खेकडा घेते आणि..."

"टाक म्हणते ना!"

असा आवाज मी दवाखान्यातही कधी ऐकला नव्हता. भिंगरी दचकली, बादली टाकून उंबऱ्याबाहेर आली. डॉक्टरबाईंनी तिला एका हाताने पोटाशी ओढले आणि दुसरा हात दाराशेजारच्या मेन स्विचकडे नेला. तो पोचण्याआधीच वीज आली. पाण्याखाली बोर्ड तडतडला, निळी ठिणगी उडाली, खोलीभर जळका वास पसरला. मग डॉक्टरबाईंनी खटका पाडला. भिंगरीच्या ओल्या पावलांचे ठसे उंबऱ्याबाहेर अजून तसेच होते.

तासाभराने प्लंबर आला. "ही जुनी टाकी फुटली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. माझी पोर गेली असती हिच्यापायी."

इतकी वर्षे मला फुटण्याची भीती होती. त्या दिवशी न फुटता मी फुटकी ठरले. प्लंबरने माझ्या प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवले. "हिला काही झालेलं नाही." मग त्याने वरच्या पाइपाचे टोक काढून आणले आणि उजेडात धरले. "इतकं सुबक काम? हे कुणी भरलं?"

डॉक्टरबाईंना तेव्हा काहीही सांगता आले असते. भिंगरीकडे बघत त्या म्हणाल्या, "मी. तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलंच नाही."

तेव्हा भिंगरी हमसून हमसून रडू लागली. "मी सांगणार होते, आजी. तुझा हात हलला असता म्हणून नाही सांगितलं."

डॉक्टरबाई ओल्या फरशीवरच बसल्या. "हलू दे हात," त्या म्हणाल्या. "मी ओरडले तरी मध्ये बोल. दहादा बोल." मग त्यांनी आपले दात कोरायचे यंत्र मागवून घेतले, पण भोक मोकळे करायला जमेना. हात थरथरत होता. शेवटी प्लंबरने ते काम केले.

दोन प्रवाळ गेले, बाहेर पडलेला तो खेकडाही गेला; बाकीचे वाचले. बोर्ड भिंतीवर गेला, तो स्विच आला, आणि पाटीची जागा रबरी चपलांनी घेतली. आता दर रविवारी सकाळी डॉक्टरबाई मुद्दाम वीज बंद करतात, दारात उभ्या राहून माझा काठ बघतात. पाणी चढते, थांबते. मी दर वेळी तितकीच घाबरते, पण त्याही घाबरतात, म्हणून हल्ली मला एकटे वाटत नाही.

मित्रांनो, घरातल्या मुक्या वस्तूंना जपा. त्यांच्यासाठी कोणी एखादे छोटेसे सांगणे सांगून गेले असेल, तर ते लक्षात ठेवा आणि दुसरा विसरला तर त्याला सांगा. तो रागावेल, गप्प बस म्हणेल, तरी सांगा. त्या दुपारी मला वाचा असती, तर मी सारे घर डोक्यावर घेतले असते. मला ती नाही. तुम्हाला आहे.